आमचा शनिवारचा कायदा

माझे किस्से जमले ते हातखंब्याच्या एस.टी. स्टॉपवर. रत्नागिरीहून तिथे उतरायचं आणि आतल्या गावाची गाडी येईपर्यंत गेल्या शनिवारची उजळणी करायची. गाडी कधी वेळेवर आली नाही, म्हणून एवढे साठले. गाडी वेळेवर येती तर मला दोनच आठवले असते.

मी लॉ कॉलेजात शिपाई. शिक्षण चौथी. सन ऐंशीच्या पुढची ती वर्षं. कॉलेजच्या मुलांनी दर शनिवारी गावात जाऊन बायकांना फुकट कायदा शिकवावा, असं तिथे शिकवणाऱ्या एका सरांच्या मनात आलं. पहिल्या शनिवारी मुलं एकटीच गेली. पांढरे शर्ट, हातात वह्या, दारोदार विचारतायत, "घरात माणसं किती? मुलं किती?"

अर्ध्या तासात गाव रिकामं. कुटुंबनियोजनवाले आले समजून पुरुष काजूच्या बागेत पळाले, बायकांनी आतून कड्या घातल्या. वर्गाला बसला एकटा ऐंशीचा म्हातारा. म्हणाला, "मना कसली भीती? माजं काय करायचं ता करा."

सोमवारी सर माझ्याकडे आले. "मावशी, पुढच्या वेळी तुम्ही जा यांच्याबरोबर."

*

मी गेले आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, वह्या पिशवीत ठेवा, चपला बाहेर काढा, आणि जो इंग्रजी शब्द बोलेल त्याने विहिरीवरून एक कळशी पाणी आणायचं. विहीर खाली उतारावर, येताना छातीवर येणारी चढण.

आमचा प्रदीप हुशार. नंबरात येणारा. तोंड उघडलं की इंग्रजी. पहिल्या तासात अकरा कळश्या. धापा टाकत येई, "सॉरी" म्हणे, की चालला परत.

तिसऱ्या शनिवारी तो सुधारला. तासभर शुद्ध मराठी बोलला. बायका नुसत्या एकमेकींकडे बघतायत. शेवटी एकीने मला कोपर मारलं. "काय गो मावशी, पोराला आज बरा नाय काय? आमचे दोन हंडे रिकामे हायत."

*

शुभदा म्हणून एक मुलगी होती. बारीक आवाजाची, पण चिवट. तिने सुनेचे हक्क सांगितले, तशी मागून भागीआजी उठली. "सुनेचा झाला. सासूचा काय?"

दुसरी कुणी असती तर काहीतरी ठोकून दिलं असतं. ही म्हणाली, "आजी, मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी सांगते." आठवडाभर लायब्ररीत बसली आणि उत्तर घेऊन आली. म्हाताऱ्या आईचं पोट चालत नसेल, तर तिला मुलाकडून पोटगी मागता येते.

भागीआजीचा मुलगा मुंबईला गिरणीत. दोन वर्षं चिठ्ठी नाही, चपाटी नाही. आजीने शुभदाकडून पोस्टकार्ड लिहून घेतलं. शुभदाने विचारलं, "काय लिहू? तक्रार लिहू का?"

"तक्रार कशाला? लिही, मी दर शनिवारी कायद्याच्या वर्गाला जाते. बाकी सर्व ठीक."

नवव्या दिवशी मुलगा दारात हजर.

*

एकदा हातखंब्याला शुभदाने मलाच पकडलं. "मावशी, बायकांना सांगता, वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. आणि कॉलेजातल्या नोटिशीच्या वहीवर तुम्ही न वाचता सही ठोकता."

मला राग आला. पण सोमवारी वही उघडली आणि बोट ठेवून वाचली. वऱ्हांड्यात स्टोव्ह पेटवण्यास सक्त मनाई आहे. दोन वर्षांपूर्वीची नोटीस, खाली माझी सही. आणि दोन वर्षं मी त्याच वऱ्हांड्यात स्टोव्हवर चहा करत होते.

वही घेऊन प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले. त्यांनी वाचली. स्वतःची सही बघितली. मग हातातला कप हळूच खाली ठेवला. त्या स्टोव्हवरचाच चहा होता.

तेव्हापासून मी सगळं वाचते. दुधाच्या पिशवीवरचंसुद्धा. चौथीनंतर मला कुणी शिकवलं असेल तर या पोरांनी, हे मी कुठेही सांगेन.

*

आता पार्वतीचं सांगते.

पार्वती वर्गात दाराजवळ बसायची. वर्षभर एक शब्द बोलली नाही. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, भाताची दोन खाचरं आणि घराची एक पडवी, एवढंच तिचं. दिराला तेही हवं होतं. एका बुधवारी तो टाइप केलेला कागद आणि शाईचा पॅड घेऊन आला. अंगठा दे म्हणाला.

पार्वती अंगण सारवत होती. म्हणाली, "भावजी, हात शेणाचे हायत." दीर ओट्यावर बसला. तिचं अंगण संपलं, तिने पडवी घेतली. पडवी संपली, परत अंगण. तो संध्याकाळी गेला, गुरुवारी आला. ती सारवतेय. शुक्रवारी आला. सारवतेय. गावातली सगळी शेणं तिने गोळा केली होती.

शनिवारी आम्ही पोचलो तर ही वर्गात, कोपरापर्यंत शेण, आणि मागोमाग दीर कागद घेऊन. चार माणसांत तिला लाज वाटेल आणि अंगठा देईल, असं त्याला वाटलं असावं.

पार्वती प्रदीपला म्हणाली, "वाच रे बाबा. मोठ्यानं वाच."

प्रदीपने वाचलं. मी माझ्या नवऱ्याच्या जमिनीतला व घरातला सर्व हक्क स्वखुशीने सोडत आहे. शुभदाने माझा हात धरला होता. मी काही बोलणार, तेवढ्यात सर एकदा म्हणाले होते ते आठवलं, की बाईचं उत्तर आपण द्यायचं नाही.

"स्वखुशीने म्हंजे?" पार्वतीने विचारलं.

"म्हणजे तुमच्या खुशीने," प्रदीप म्हणाला. "तुमची खुशी नसेल, तर या कागदाला काही अर्थ नाही."

पार्वती उठली, कोपऱ्यातल्या हंड्यातून तांब्याभर पाणी घेतलं आणि दाराशी बसून दोन्ही हात स्वच्छ धुतले. अंगठे जरा जास्तच घासले. पदराला हात पुसत दिराकडे वळली.

"भावजी, चहा घेऊन जा."