माझ्या वजनाला बसवलेली गाडी

नातवंडांनो,

गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरल्याने फोनवर मला त्याच्या गाडीचं पोट दाखवलं. चारही चाकांना ताकद जाणारी स्पोर्ट्स कार जॅकवर उभी होती आणि खाली वळणावर गाडी कलू न देणारा नवाकोरा निळा स्वे बार चमकत होता. याला तीन भोकं आहेत, हवं तसं कडक किंवा मऊ करता येतं, असं तो सांगत होता. धाकटी मागून म्हणत होती की आजीला कशाला बोअर करतोस. मी एवढंच विचारलं, की बार चाकांशी जोडणारी लिंक आवळताना गाडीत कोण बसलं होतं. तो म्हणाला, कोणीच नाही. मग फोन तुटला, आणि तेव्हापासून मला चैन नाही. हे फोनवर सांगून होण्यासारखं नाही आणि सांगणारं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मराठी वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या.

एकोणीसशे बहात्तरचा उन्हाळा. आम्ही नगरला राहत होतो. तुमच्या आजोबांचं नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत लहानसं वर्कशॉप होतं, पंपांचे सुटे भाग बनवायचं. पण त्यांचा जीव पंपांत नव्हता. लष्कराच्या लिलावातून त्यांनी एक जुनी जीप आणली होती. तिची बॉडी काढून त्यांनी पत्र्याची बुटकी, उतरत्या नाकाची बॉडी ठोकून घेतली, पुढे दोन खोलगट सीट, मागे एक फळी, आणि सगळ्याला लाल रंग. पुण्याचे मोटरवाले घाटात शर्यत ठेवणार आहेत असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ती शर्यत कधीच झाली नाही, पण आमच्या घरात ती दोन वर्षं चालू होती.

गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून त्यांनी प्रत्येक चाकाच्या कमानपाट्यांतले दोन-दोन पाटे काढून टाकले. दिसायला ती खरोखर स्पोर्ट्स कार झाली. वळणावर मात्र होडी झाली. पाटे परत घातले असते तर निम्मं काम भागलं असतं, पण मग ती पुन्हा जीप दिसली असती.

त्या एप्रिलमध्ये आम्ही तिसगावला एका लग्नाला गेलो. येताना करंजी घाटात एका वळणावर गाडी इतकी कलली की एका बाजूची दोन्ही चाकं उचलली गेली. मागे फळीवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवरचा लाडवांचा डबा दरीत गेला. गाडी पुन्हा चार चाकांवर आपटली, तशा त्या उतरल्या, छत्री उघडली आणि उरलेला घाट गाडीच्या मागे पायी उतरल्या. त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. खाली आल्यावर मुलाला म्हणाल्या, "लोकांची हाडं बांधण्यात माझा जन्म गेला. माझी कोणाकडून बांधून घ्यायची नाहीत मला."

माझ्या बाबतीत हे वाईट झालं. कारण त्याच लग्नात तिथल्या मुलींच्या शाळेच्या चेअरमननी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की जूनपासून मुख्याध्यापिकेची जागा मोकळी होते आहे, तुम्ही याल का. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, बी.टी. केलं होतं, लग्नाआधी शिकवलंही होतं. मग तुमची आई झाली, पाठोपाठ मामा, आणि नोकरी सुटली. ती जागा मला किती हवी होती ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. मे संपायच्या आत उत्तर द्यायचं होतं.

एस.टी.ने गेले तर पहिली घंटा होऊन गेल्यावर पोचणार आणि अंधार पडल्यावर घरी येणार. तिसगावला खोली घेऊन राहायचं तर दोन लहान मुलं इथे. उरली लाल गाडी. गाडी मला येत होती. माझे वडील मिशनची व्हॅन चालवत, त्यांनी कॉलेजात असतानाच शिकवली होती. तुमच्या आजोबांना मी विचारलं तेव्हा ते "बघू" म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, त्या होडीतून माझी सून घाटात जाणार नाही. आजोबांनी त्याला नाही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. फक्त एवढंच, की आधी स्वे बार होऊ दे.

त्या महिन्यात माझे हात स्वस्थ बसत नव्हते. नळाला एक दिवसाआड पाणी, तरी मी पडदे धुवायला काढले. कपाटं आवरली, पुन्हा विस्कटली, पुन्हा आवरली. मुलं झोपली की शाळेचं वेळापत्रक मनात मांडायची, पाचवीला इंग्रजी कोणत्या तासाला, आणि मग स्वतःवरच चिडायची. दुपारी डबा द्यायचं निमित्त करून नागापूरला जायची आणि दांडा कुठवर आला ते बघायची.

वर्कशॉपमध्ये स्वे बारला सगळे दांडा म्हणत. एका इंग्रजी मोटरच्या मासिकात त्याची माहिती होती. आजोबा गाडीखाली पडलेले असत, हात काळे, म्हणून ते मासिक मी स्टुलावर बसून मोठ्याने वाचायची. गोष्ट अवघड नाही. दांड्याचा मधला भाग चासीला बुश नावाच्या रबरी कड्यांत धरायचा, आणि दोन्ही टोकांचे वाकवलेले हात लिंकांनी, म्हणजे लहान सळ्यांनी, आक्सलला जोडायचे. गाडी एका अंगाला कलू लागली की दांड्याला पीळ बसतो आणि तो पीळ तिला सरळ करायला बघतो. हाताला तीन भोकं पाडायची. आतल्या भोकात लिंक लावली की दांडा कडक, बाहेरच्यात मऊ, मधल्यात मध्यम. पुढे एक दांडा आणि मागे एक, असं ठरलं.

पहिला पुढचा दांडा भंगारातल्या स्प्रिंगच्या सळीचा केला. लोहाराने तो भट्टीत लाल करून झकास वाकवला, पण त्यात स्टीलचं पाणी उतरलं, म्हणजे त्यातली स्प्रिंग मेली. पहिल्याच फेरीत तो जिलबीसारखा पिळला गेला आणि तसाच राहिला. आजोबा त्याच्याकडे बघत उभे होते आणि मी कॅलेंडरकडे. दुसऱ्या सळ्या शोधण्यात, वाकवण्यात आणि एका कारखान्याच्या भट्टीतून त्यांना नीट पाणी देऊन आणण्यात मे अर्ध्याहून जास्त सरला. चेअरमनचा माणूस एकदा बाजाराला आला तेव्हा विचारून गेला. मी म्हटलं, कळवते. त्याने ज्या नजरेने पाहिलं त्यावरून मला वाटलं, चेअरमनच्या मनात दुसरं कोणीतरी येऊ लागलं असावं.

शेवटी दोन्ही दांडे बसले. आजोबांनी लेथवर लिंका केल्या होत्या, दोन टोकांना उलटसुलट आटे असलेल्या, म्हणजे मधला भाग फिरवला की लिंक लांब किंवा आखूड होते. त्यांचा वेल्डर होता नागापूर गावचा, तोंडाने कायम चालू. तो मला वैनी म्हणायचा आणि दर वेळी डब्यात काय आहे ते झाकण उघडायच्या आधी ओळखायचा, निम्म्या वेळा चुकीचं. आजोबा चालवायच्या सीटवर बसले, वेल्डरने लिंका आवळल्या, आणि त्या संध्याकाळी मी हट्टाने गाडी वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यांवर फिरवली.

होडीपणा गेला होता, पण काहीतरी चुकत होतं. उजव्या वळणाला गाडी एक वागायची, डाव्या वळणाला दुसरी. एकीकडे घट्ट, दुसरीकडे ढिली. परत येऊन मी तसं सांगितलं.

वेल्डर म्हणाला, "गाडीचं काय न्हाई, वैनी. तुमी लई हलक्या हाय."

तो हसला, पण बरोबर तेच होतं. लिंका आवळल्या तेव्हा सीटवर आजोबा होते. त्यांच्या वजनाने गाडी जेवढी एका अंगाला बसली होती, तेवढं बसणं दांड्याने सरळ धरलं होतं. त्यांच्यापुढे मी पोरगेलीच होते. मी बसले की दांड्याला उभ्या जागीच थोडा पीळ राहत होता.

आजोबा म्हणाले, "अगं, गाडी माझ्या वजनाला बसवलीय."

"मग मी कशी न्यायची?"

"बघू," ते म्हणाले, आणि हात पुसायला लागले.

मासिकात स्पष्ट लिहिलं होतं, की सपाट जमीन हवी आणि चालवणारा आपल्या जागी बसलेला हवा. मीच ते वाचून दाखवलं होतं. चालवणारा कोण, हे त्या वर्कशॉपमध्ये कोणी विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं हेही कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तोवर माझ्याही नाही.

पुढचा रविवार मेचा शेवटचा. उपासना संपल्यावर आजोबा म्हणाले, वर्कशॉपवर जरा चक्कर मारून येतो, मागचा दांडा अजून एकदा बघायचाय. मी म्हटलं आम्हीही येतो. मुलं शेजारी ठेवली. सासूबाई पांढऱ्या साडीत, मीही पांढऱ्या साडीत, अशा आम्ही नागापूरला गेलो. वेल्डरला त्यांनी आधीच बोलावून ठेवलं होतं. गाडी सिमेंटच्या सपाट जमिनीवर उभी होती. आजोबा सीटकडे जायच्या आत मी सीटवर वर्तमानपत्र पसरलं आणि बसले.

वेल्डर म्हणाला, "वैनी, उतरा. साहेबांचं वजन पायजे हितं."

मी म्हटलं, "चालवणारी बसली आहे. सोडा लिंका."

तो पाना हातात घेऊन आजोबांकडे बघत राहिला. आजोबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं ते आता बघू म्हणतील, आणि म्हणाले असते तर मी उतरले असते की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. सासूबाई गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि वाकून खाली पाहिलं.

"पाय पोचतात का तुझे?" त्यांनी विचारलं. "क्लच दाब बघू. पुरा दाब."

मी दाबला. पुरा जात नव्हता.

"हिला पाठीमागे काहीतरी द्या," त्या मुलाला म्हणाल्या. "जायचंय तर नीट बसून जाऊ दे. आणि आज मी मागे बसणार आहे. बसल्याशिवाय मला कळायचं कसं?"

आजोबांनी कोपऱ्यातलं एक पोतं घडी करून माझ्या पाठीशी खोचलं. मग गाडीखाली गेले आणि आतून वेल्डरला म्हणाले, सोड. दोघांनी चारही लिंका मोकळ्या केल्या, माझ्या वजनाला गाडी जशी बसली होती तशीच ठेवून लांबी जुळवली आणि पुन्हा आवळल्या. तोवर मी हलले नाही. वेल्डरने मध्येच विचारलं, की वैनी, श्वास तरी घेताय ना, का त्यानं बी वजन बदलतंय. त्यावर पहिल्यांदा सासूबाई हसल्या.

आम्ही तिथूनच करंजीकडे निघालो. मी चालवत होते, आजोबा शेजारी, सासूबाई मागे फळीवर, छत्री घट्ट धरून. दांडे सगळ्यात आतल्या भोकात होते, कडक, कारण आजोबांना शर्यत तशीच पळायची होती. लाडवांच्या वळणाला मी वेग कमी केला नाही. गाडी थोडी कलली आणि तिथेच थांबली, जशी पाठीमागून कोणी खांद्याला धरून थांबवतं तशी. पुढचं वळण उलट्या बाजूचं, तिथेही जवळपास तितकीच, आजोबा शेजारी होते त्याचा काय तो फरक. मी आरशात पाहिलं. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते, पण त्या जागेवर होत्या.

घाट संपून तिसगाव जवळ आल्यावर शाळेकडे जायला कच्चा रस्ता होता, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेला. तिथे कडक दांड्याने त्रास दिला. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं अधांतरी. स्टिअरिंग हातातून निसटत होतं आणि मागून "अगं अगं" ऐकू येत होतं. मी पहिल्या गिअरवर आले. मला वाटलं इथेच सगळं संपलं, घाट जमला आणि शाळेच्या दारातला रस्ता जमला नाही.

आजोबा म्हणाले, त्या सपाट तुकड्यावर थांबव. ते उतरले, सीटमागचा पाना घेतला आणि रविवारचे कपडे न बघता मातीत उताणे पडले. पुढचा दांडा झाला, मग मागचा. ऊन डोक्यावर होतं आणि त्या रस्त्यावर झाड नव्हतं. सासूबाईंनी छत्री उघडून त्यांच्या पायांवर धरली, तेवढाच भाग बाहेर होता. मी स्टिअरिंग धरून बसले होते, उतरू नकोस असं त्यांनी सांगितलं होतं. बाहेर आले तेव्हा पाठ सगळी मातीने भरलेली.

"मधल्या भोकात घातलेत," ते म्हणाले. "घाटात थोडी कलेल, पण तुला रोज हाच रस्ता आहे."

शर्यतीचं नाव त्यांनी त्यानंतर माझ्यासमोर काढलं नाही. मीही काढलं नाही, आणि ते त्यांना कितपत जड गेलं हे मी कधी विचारलं नाही. चेअरमन जेवायला बसले होते. मी दारातूनच सांगितलं की येते. त्यांनी आधी माझ्याकडे, मग आजोबांच्या कपड्यांकडे पाहिलं आणि रस्त्यात काही झालं का विचारलं. सासूबाई म्हणाल्या, काही नाही, गाडी बसवत होतो.

तुमची आई मॅट्रिक झाली तोवर मी त्या गाडीने शाळेत गेले. गाडी पुढे भंगारात गेली आणि तिच्यासोबत मागचा दांडाही. शाळा आहे, तिला आता वरचा मजला झाला आहे आणि रस्ता डांबरी आहे. पुढचा दांडा आमच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून आहे. त्याचं मधलं भोक झिजून लांबट झालं आहे, आतलं आणि बाहेरचं अजून गोल आहेत.