शालनवहिनींचं डार्विनमधलं घर

दोहाच्या अल हिलाल भागातल्या आमच्या इमारतीत पाण्याचे कॅन पोचवणारा रफिक माझ्या दारात कॅन ठेवून निघून जायचा. समोरच्या शालनवहिनींकडे मात्र त्याला बसावंच लागायचं. "खडे खडे चाय नहीं मिलती यहाँ, भैया," असं म्हणत वहिनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढायच्या आणि स्वतःच्याच कपांपैकी एक त्याच्यापुढे ठेवायच्या. बिचारा खुर्चीच्या टोकाशी अवघडून बसायचा. मला ती वहिनींची हौस वाटायची. माझ्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा स्टीलचा ग्लास ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा असे, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

वहिनींच्या बोलण्यात डार्विन आलं नाही असा दिवस नसे. इथे कतारमध्ये, रास लफानच्या गॅस प्रकल्पावर येण्याआधी त्यांचे यजमान ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, त्या गावात, गॅसच्याच कामावर होते. समुद्राकाठच्या उपनगरात भाड्याचं घर. घर खांबांवर उभं, खाली मोकळी जागा. गाडी, वाळणारे कपडे, गप्पांच्या खुर्च्या, सगळं तिथेच. अंगणात आंबा. तिकडचे ऋतू उलटे, म्हणून "आमच्याकडे दिवाळीत आमरस असायचा," हे आम्ही दर दिवाळीला ऐकायचो. समुद्र हाकेच्या अंतरावर, "पण नुसता बघायचा. पाय घातलास की मगर, नाहीतर जेलीफिश." म्हणून संध्याकाळी सगळं उपनगर घडीच्या खुर्च्या घेऊन कड्यावर जायचं आणि सूर्य बुडाला की टाळ्या वाजवून घरी परतायचं.

तिथल्या शेजाऱ्यांचा विषय निघाला की मात्र त्या बोलणं दुसरीकडे वळवायच्या. एकदा बोलता बोलता मी आमच्या त्या वेगळ्या ग्लासाचं सांगून गेले. वहिनींचा चेहरा उतरला.

"माझ्याकडेही होता गं," त्या म्हणाल्या. "ग्लोरियासाठी."

ग्लोरिया त्यांची तिथली शेजारीण. त्या भूमीच्या मूळच्या लोकांपैकी, वयाने मोठी. वादळाच्या दिवसांआधी अंगणातलं काय काय बांधून ठेवायचं, हे तिनेच वहिनींना शिकवलं. रोज यायची. तिचा चहाचा मग घराखालच्या नळाशी ठेवलेला असायचा, तिथेच धुतला जायचा. "मी म्हणायचे, ती मासे-मटण खाते म्हणून. पण पलीकडची गोरी बाईही खायचीच की. तिला मी वर बोलवायचे, सोनेरी काठाचे कप काढायचे."

मग एकदा चक्रीवादळाचा इशारा आला. यजमान प्लांटवर अडकलेले, पदरात दोन लहान मुलं. खांबांवरचं घर हलायला लागलं तशी ग्लोरिया धावत आली आणि तिघांना आपल्या पक्क्या, बैठ्या घरात घेऊन गेली. दुपारभर सगळे तिच्या न्हाणीघरात दाटीवाटीने बसून होते. वारा पडल्यावर तिने चहा केला. वहिनींच्या हातात दिलेल्या कपाला दुकानातलं लेबल तसंच होतं. "नवा आहे," ती हळूच म्हणाली, "आमच्यापैकी कुणी वापरलेला नाही."

वहिनी तो चहा प्यायल्या. पुढे कतारची नोकरी आली आणि माफी मागायची राहूनच गेली. वर्षानुवर्षं ते त्यांना टोचत होतं. शेवटी, दोहा कायमचं सोडायच्या आधी, त्या लाडवांचा डबा घेऊन तेवढ्यासाठी डार्विनला जाऊन आल्या.

"मागितलीत माफी?" मी विचारलं.

वहिनी सामान बांधत होत्या. त्यांचे हात थांबले.

"ग्लोरियाने मला लांबूनच ओळखलं. मिठी मारली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने नातवंडांना हाका मारल्या. म्हणाली, ही माझी मैत्रीण, हिने मला कधी परकं मानलं नाही. पोरं माझ्याकडे बघून हसत होती गं. त्यांच्यासमोर कशी सांगू, तुमच्या आजीला मी कधी घरात घेतलं नाही म्हणून?"

त्यांनी पदराने डोळे पुसले.

"तिला सगळं माहीत होतं. तरी माझी लाज तिनेच राखली."