अहमदपूरपर्यंतची प्रार्थना

मायची प्रार्थना हल्ली आखूड झाली आहे. पूर्वी ती जेवायच्या आधी डोळे मिटायची तेव्हा ताटातल्या वरणावर साय धरायची. शेजारणीचा गुडघा, एसटीचा ड्रायव्हर, जळकोटला असताना पाळलेली आणि केव्हाच विकून टाकलेली म्हैस, या सगळ्यांची देवाला आठवण करून दिल्याशिवाय तिचं आमेन यायचं नाही. आम्ही दोघी बहिणी एकेक डोळा उघडून एकमेकींकडे बघायचो आणि हसू दाबायचो. आता ती दोन वाक्यांत आटपते. मला वाटलं, वयामुळे दम लागत असेल. मी तिला डॉक्टरकडेही नेऊन आणलं. छाती स्वच्छ आहे म्हणाले.

वडील गेल्यापासून माय आम्हा दोघींकडे वाटून राहते. मी लातूरला, धाकटी नांदेडला. उन्हाळा लागून आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायला लागलं की ती धाकटीकडे जाते आणि शाळा उघडायच्या सुमाराला मी तिला परत घेऊन येते. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण माय कुठेच उपाशी राहिली नाही. दोन्हीकडे तिला दुधात कुस्करलेली भाकरी मिळते, दोन्हीकडे तिची स्वतंत्र खाट आहे. पोरींनी आईला फुलासारखं ठेवलंय असं लोक म्हणतात आणि ते ऐकायला मला आवडायचं.

आम्ही पिढीजात ख्रिस्ती. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने कपाळावर पाणी पडलेले. धाकटीचंही तेच होतं. पण मध्यंतरी तिच्या यजमानांची दारू नांदेडच्या एका छोट्या प्रार्थनासभेत जाऊन सुटली आणि ते दोघं तिथलेच झाले. त्या सभेत शिकवतात की देव एकच, आणि त्याचं नाव येशू. पिता, पुत्र, आत्मा अशा तीन व्यक्ती नाहीत, ही त्या एकाचीच रूपं आहेत. म्हणून बाप्तिस्माही फक्त येशूच्या नावाने, आणि तोही पुरतं बुडवून. दोघांनी नव्याने घेतला. मी फोनवर विचारलं, "मग पहिला काय अंगणातला सडा होता का गं?" ती आठ दिवस बोलली नाही.

तिच्या घरातली दारू गेली होती, यजमानांनी आता हात उगारणं सोडलं होतं, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण मला तिला जिंकायचं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये मुलांची शब्बाथशाळा, म्हणजे बायबलचा वर्ग, घेते. समजावून सांगणं हा माझा धंदा आहे. एका संध्याकाळी मी तिला फोन लावून माझं ठेवणीतलं उदाहरण दिलं. पाणी, बर्फ आणि वाफ. तीन आहेत, तरी एकच आहेत. झालं की नाही त्रैक्य? मला वाटलं, पडली गार.

"अक्का," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं, "हेच तर आमचे पास्टर सांगतात. पाणी एकच, रूपं तीन. तू लातुरात बसून आमचीच शिकवण देऊन राहिलीस की."

मी तिच्यावर इतकी ओरडले की मायने स्वयंपाकघरातून येऊन दार लोटून घेतलं. तरी कढीपत्ता मागायला आलेल्या शेजारच्या काकूंच्या कानावर गेलंच. त्या लिंगायत, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन मुकाट्याने पूजा करणाऱ्या. "बहिणीसंगं वाटणीचं भांडण हाय का?" त्यांनी हळूच विचारलं. मी हो म्हणाले. आमचा देव किती जण आहे यावरून भांडतोय हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

पुढच्या रविवारी मी आमच्या चर्चच्या पाळकांना त्या उदाहरणाचं विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग सौम्यपणे म्हणाले की बाई, ते उदाहरण नका देऊ. पाण्याचा बर्फ झाला की पाणी उरत नाही. पित्याचा काही पुत्र झालेला नाही. तिघंही सदासर्वकाळ आहेत, वेगवेगळे आहेत आणि तरी एकच देव आहेत. हे उदाहरण मी किती वर्षं देतेय ते त्यांनी विचारलं नाही. मी उदाहरण सोडून दिलं, राग मात्र सोडला नाही. आणि धाकटीला यातलं अक्षर सांगितलं नाही.

गेल्या नाताळच्या आधीची गोष्ट. शब्बाथशाळेच्या मुलांचं नाटक होतं आणि देवदूतांचे पंख घरी आले होते. पुठ्ठ्याचे, वर पांढरा कागद. माय जमिनीवर बसून त्यांना चमकी चिकटवत होती. डिंकाने बोटं भरलेली. एक पंख उंच धरून ती म्हणाली, "माझी थोरली बी अशीच असंल की आता."

थोरली म्हणजे माझ्या आधीची. जळकोटला जन्मली आणि थोडेच दिवस जगली. पाळक महिन्यातून एकदा उदगीरहून फटफटीवर यायचे. ते यायच्या आत ती गेली. तिचा बाप्तिस्मा झाला नाही, नाव ठेवलं गेलं नाही. माय तिच्याबद्दल क्वचित बोलायची, आणि बोलायची तेव्हा ती देवाजवळ देवदूत झाली आहे असंच बोलायची. आम्ही लहानपणी तसंच ऐकलं होतं.

मी त्या दिवशी म्हणाले, "माय, माणसं मेल्यावर देवदूत होत नाहीत. देवदूत देवाने वेगळे निर्माण केलेत, माणसाच्याही आधी. माणूस तो माणूसच राहतो." बायबलमधली वचनंही दिली. मला माझं उत्तर नेमकं वाटलं. पुढचं सांगायला लाज वाटते. मी त्या उत्साहात धाकटीला फोन लावला. स्पीकरवर. म्हटलं, माय काय म्हणतेय बघ. आणि धाकटी लगेच म्हणाली, "न्हाई माय, अक्काचं बरोबर हाय. देवदूत येगळे, माणसं येगळी." त्या वर्षात आम्हा बहिणींचं एकमत झालेली ती एकच गोष्ट. आम्ही दोघी त्यावर किती गोड बोललो. तिने मुलांच्या अभ्यासाचं विचारलं, मी तिच्या यजमानांची तब्येत विचारली. माय खाली मान घालून चमकी चिकटवत राहिली. सगळे पंख तिनेच पुरे केले. थोरलीचं नाव तिने माझ्यापुढे त्यानंतर काढलं नाही, नाव म्हणजे काय, नाव तर नव्हतंच.

यंदा जूनमध्ये मी तिला आणायला नांदेडला गेले. निघायच्या आधी धाकटीचे यजमान म्हणाले, "मामी, तुम्हीच प्रार्थना करा." मायने डोक्यावर पदर घेतला. "प्रवास सुखाचा होऊ दे. येशूच्या नावात, आमेन." संपलं. पिता नाही, आत्मा नाही. डोळे उघडल्या उघडल्या तिने आधी धाकटीकडे बघितलं, मग जावयाकडे. ते मी टिपलं. मला वाटलं, त्यांनी हिला फिरवलं. आमच्या घरी तिघांचं नाव घेते आणि इथे यांच्यात मिसळते. धाकटीने पिशवीत धपाटे आणि दही भरून दिलं. मी तिच्याशी नीट बोलले नाही.

बसमध्ये मायला खिडकी दिली. शहर मागे पडेपर्यंत मी गप्प होते, पण उतू जायला आलेलं दूध किती वेळ थांबणार? मायचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. मी कान दिला. बसच्या खडखडाटात नीट काही कळेना. जे कळलं ते असं : पित्याच्या, पुत्राच्या. पुन्हा पित्याच्या, पुत्राच्या. मधेच येशूच्या नावात. मग मान हलवून पुन्हा पहिल्यापासून.

"माय, हे काय करतेस?"

ती दचकली. "काई न्हाई. घोकून राहिले."

"काय घोकतेस?"

"तुमच्याकडचं. तीन महिने हिच्याकडचं म्हणलं की तोंडात तेच बसतंय. घरी गेल्यावर चुकाया नको."

मग तिनेच सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, दुखणं सांगावं तसंही नाही. मागे नांदेडला तिच्या तोंडून सवयीने तिघांची नावं गेली होती. सभेची माणसं घरी आलेली होती. जावयांनी मधेच डोळे उघडले. नंतर धाकटी आत येऊन रडली, म्हणाली, माय, चारचौघांत माझी मान खाली घातलीस. आणि एकदा माझ्याकडे उलटं झालं होतं. येशूच्या नावात म्हणून ती थांबली, तर मी हातातला डाव भातात आपटून म्हणाले होते, "माय, इथं आपलं म्हणायचं."

"मी असं म्हणाले?"

"हाव. तुला कामं लई असतात, याद राहत न्हाई."

मला खरंच आठवत नव्हतं. डाव आपटण्याची सवय मात्र माझीच आहे.

"म्हणून लहान करून टाकली," माय म्हणाली. "लांबली की ध्यान सुटतंय, अन् शेवट चुकतोय."

डॉक्टरने छाती तपासली होती. मी बाहेर खुर्चीवर बसून काळजी करत होते.

लोहा गेलं. मी तिचा हात हातात घेतला, तिने तो जरा वेळाने हळूच सोडवून घेतला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. ती मांडीवर थोपटत होती. मला वाटलं, बसच्या धक्क्यांनी हात हलतोय. ओठ पुन्हा हलायला लागले, पण आता घोकणं नव्हतं. चेहरा सैल झाला होता. मधे तर ती हसली.

"आता काय म्हणतेस?"

"ही माझी हाय," ती म्हणाली. "लोह्यापासून अहमदपूरपतूर माझी असती. अहमदपूर सोडलं की तुझी धरते. जाताना हिची."

"तुझी कशी संपते?"

"संपत न्हाई. स्टँड येतंय."

मी विचारलं, त्यात कुणासाठी मागतेस? ती खिडकीबाहेर बघायला लागली. "तुला आवडायचं न्हाई," ती म्हणाली. तेव्हा मला कळलं. मांडीवरचा हात मी पुन्हा बघितला. कुणाला तरी निजवताना चालतो तसा तो चालला होता.

"थोरलीशी बोलतेस?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी आता वचन काढते की काय, याची वाट बघत असावी. मी ते काढलं नाही, तेव्हा ती म्हणाली, "तिच्यावर कुणी नावच घेतलं न्हाई ना. तुमच्यावानी तीन बी न्हाई अन् हिच्यावानी एक बी न्हाई. तुमच्या दोघींच्या घरात ती बसत न्हाई. म्हणून हितं." आणि पुढे, "तू म्हणलीस ती देवदूत न्हाई. न्हाई तर न्हाई. मग कोण हाय ती, सांग बरं. तू शिकवतीस पोरांना."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखर उत्तर हवं होतं, नाताळपासून हवं होतं. मला सगळी वचनं पाठ आहेत. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली. ती नको म्हणाली. अहमदपूरच्या स्टँडात बस वळली तेव्हा तिने मांडीवरचा हात उचलून पदर सारखा केला, आणि चाकूर येईपर्यंत पुन्हा पित्याच्या, पुत्राच्या सुरू झालं होतं.

मी मनाशी ठरवलं. आज घरी तिला मोकळं करायचं. धाकटीलाही फोन करायचा, पाण्या-बर्फाचं सांगून टाकायचं, हरले म्हणायचं. संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. मी वरण वाढलं, डाव अलगद ठेवला आणि म्हणाले, "माय, आज तूच प्रार्थना कर. तुला हवी तशी कर. हवी तेवढी लांब."

तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा भांड्यातल्या डावाकडे बघितलं. मग पदर घेतला, डोळे घट्ट मिटले.

"अन्नासाठी तुझे उपकार. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मागते. आमेन."

एकही शब्द चुकला नाही. डोळे उघडून तिने आधी माझ्याकडे बघितलं, बरोबर आलं का म्हणून. आणि वर्गात मुलांना दाखवते तशी माझी मान हलली, मी आवरायच्या आत. माय हसली आणि जेवायला लागली.