पाटलाच्या घरची भाकर

काटवटीत शेवटचा उंडा उरला होता, तव्यावरची भाकर टम्म फुगली होती आणि बबिताचा नवरा आश्रुबा बशीतल्या चहावर फुंकर घालत होता. तेवढ्यात दारावर काठीचं टोक आपटलं. चौसाळ्याजवळच्या त्या वाडीत काठीनं दार वाजवणारा माणूस एकच. बबिताचा भाया, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आप्पाराव पाटील. बबितानं पिठाच्या हातानंच पदर पुढं ओढला.

"या आप्पा, बसा," नवरा म्हणाला.

"बसायचे किती घेता? आधी दर सांगा, मग बसतो."

आप्पारावाचा राग उगीच नव्हता. चार महिन्यांपूर्वी बबितानं हायवेवरच्या त्रिंबकच्या ढाब्याला भाकरी पुरवायला सुरुवात केली. जवळ होते तेवढ्या पैशांत एक रुंद तवा आला, बाकी ज्वारी घरची आणि जळणाला पऱ्हाट्या रानातल्या. हात असा, की चाळीस भाकरींत एक फुटायची नाही. ट्रकवाले मागून मागून खाऊ लागले, तसं त्रिंबकला शहाणपण सुचलं. कुणाला न विचारता त्यानं दारात बोर्ड ठोकला, 'आप्पाराव पाटलांच्या घरची गरम भाकर.' आपण मान दिला, असंच त्या भल्या माणसाला वाटत होतं.

आप्पाराव म्हणाला, "ढाब्यावर जेवणारा लखन काल पारावर चारचौघांत काय म्हणला ठावं हाय का? पाटील, कालची भाकर कडंला कच्ची लागली, उद्या जरा नीट भाजा!"

आश्रुबाच्या मिशीत हसू फुटलंच.

"हसतो कशाला रं? तिला इचार, आपल्या घराण्यात कुणी भाकर इकली का? दारात आलेल्याला वाढायची असती ती. इकायची न्हाई."

सव्वीस वर्षांच्या संसारात बबिता भायाशी समोरासमोर बोललेली नव्हती. बोलायचं ते नवऱ्याकडं बघून. ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, "त्यांना म्हणावं, वाढायला आधी पीठ लागतं. वाटणीत बरड रान आलं तवा आमाला कुणी वाढलं न्हाई."

"तिला म्हण, जीभ आवर. अन् बोर्ड म्या काल दगडानं फोडलाय."

"त्यांना म्हणावं, बरं केलं. तो मी लावलाच नव्हता."

दोघांच्या मधे आश्रुबा नुसता मान हलवत होता. निरोप पोचवायची त्याला गरजच नव्हती, दोघांनाही सगळं ऐकू येत होतं.

आप्पाराव उंबऱ्याच्या आत आला नाही. तिथूनच त्यानं भाकरींच्या चवडीवर काठी रोखली. "आता हे बी ऐकून ठेव. आजपासून माझ्या गिरणीत तिचं दळण घेणार न्हाई. पोराला सांगून ठेवलंय. तू डोक्यावर आणलंस तरी माघारी धाडीन."

शेवटची भाकर तव्यावर टाकून बबिताचा हात थांबला. वाडीत गिरणी ती एकच. पीठ साठवून ठेवावं तर त्याची विरी जाते, भाकर थापतानाच कडेनं फाटते. म्हणून ती रोजचं रोज दळून आणायची. आजचं पीठ संपलं होतं. आणि त्रिंबकनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वहिनी, एक दिवस खाडा झाला की मी मशीनच्या रोट्या चालू करीन. गिऱ्हाईक थांबत न्हाई."

"त्यांना म्हणावं..." तिनं नवऱ्याकडं पाहिलं. आश्रुबा बशीत बघत बसला होता. चहा केव्हाच निवला होता.

"अहो, म्हणा की काहीतरी."

त्यानं तो निवलेला चहाच तोंडाला लावला. सख्खा भाऊ, त्यात थोरला.

"घ्या! पाटलीणबाईचा निरोप्या मुका झाला," आप्पाराव खदखदून हसला. "लई धंदा करायला निघालते!" काठी टेकत तो वळला.

तव्यावरची भाकर करपायला लागली होती. ती तशीच टाकून बबिता उठली आणि उंबऱ्याशी आली. पदर डोक्यावर होता, पण मान वर होती.

"आप्पा."

तो थबकला. ही हाक त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"तुमचं नाव आता तिथं न्हाई. माझं तेवढं दळण दळून द्या."