सड्यावरची लाल पट्टी

माझं पोट पट्ट्यांवर चालतं. चाकणकडच्या कंपन्यांमध्ये शॉपफ्लोअरवर पिवळ्या पट्ट्या असतात ना, त्या मी मारतो. पट्टीच्या आतून माणसानं चालायचं, बाहेरून फोर्कलिफ्टनं. राहतो कुरुळीला. शाळा आठवीतच सोडली आणि कोकणातून इकडं आलो, तेव्हा समुद्र सोडून माझ्या ओळखीचं काहीच नव्हतं, आणि समुद्र तर इथं नव्हताच.

त्या दिवसांत आकुर्डीच्या काकांनी मला त्यांच्या पोटमाळ्यावर जागा दिली. नात्याचे नव्हेत, पण काका. काकू त्यांचा डबा भरताना माझाही भरायच्या. काका कारखान्यात टूलरूमला होते. सुतळी ताणून सरळ रेघ कशी मारायची ते त्यांनीच शिकवलं, ओरडून ओरडून. आज माझ्या घरात जे काही आहे ते त्या सुतळीला लटकलेलं आहे असं मी बायकोला सांगतो. ती म्हणते, मग गाठ नीट बघा.

तर काका रिटायर झाले आणि पुढं त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन झकास. डॉक्टर म्हणाले, आता चाला. पण काका चालेनात. बेडरूममधून हॉल, हॉलमधून गॅलरी, संपलं. जिन्याकडं बघितलं तरी काठी घट्ट धरायचे. एकदा मी भेटायला गेलो तर काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "गुडघा नवा बसवलाय रे, पण माणूस जुना झालाय. आत्ता उठले नाहीत तर कायमचे बसतील बघ."

बाहेर आलो तर काका टीव्हीकडं बघतच म्हणाले, "तुझ्या गावचा तो कडा. तिथनं समुद्र कसा दिसतो म्हणाला होतास?"

मी सांगितलं, कसा म्हणजे, सगळाच दिसतो. कित्येक महिन्यांत या माणसानं स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी तिथल्या तिथं बोलून बसलो, "काका, जाऊ या. सगळेच जाऊ. तुमच्या बागेतल्या मंडळींना पण घेऊ." आणि घरी येईपर्यंत मला घाम फुटला.

बागेतली मंडळी म्हणजे रोज सकाळी फिरायला येणारे आठ-दहा रिटायर लोक. त्यांची मीटिंग बाकड्यांवर भरली. कुणीतरी काकांनाही धरून आणलं होतं, ते एका टोकाला काठीवर हनुवटी ठेवून बसले. शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई होत्या, त्यांनी परीक्षाच घेतली.

"चढ किती?"

"चढ नाहीच बाई. आमच्याकडं सडा म्हणतात, म्हणजे वरचा सपाट कातळ. गाडी थेट सड्यावर जाते. तिथून कडा म्हणजे गुराख्याची एक विडी संपेपर्यंत."

"गुराख्याचं नको सांगूस. माझ्या वयाच्या माणसाचं सांग."

"मग... मध्ये दोनदा बसून."

"बसायचं कशावर?"

याचा मी विचारच केला नव्हता. खुर्च्या आल्या. खुर्च्या म्हटल्यावर सावली आली, सावली म्हटल्यावर टोप्या, आणि टोप्यांवरून रंग कोणता यावर चहा होईपर्यंत भांडण. पेंट शॉपमधून रिटायर झालेले एक जण होते, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, ते उभेच राहिले. "ट्रायल घ्या राव! ट्रायलशिवाय लाइन चालू करायची नाही." मग सगळ्यांनी बागेला फेरी मारून ट्रायल घेतली. भाऊ पुढं, बाई मागं, आणि मी मधे प्रत्येकाच्या पायाकडं बघत. काका बाकावरच राहिले. मीटिंग उठताना म्हणाले, "मी येईन, पण गाडीत बसेन."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. गाडीत तर गाडीत, मी म्हटलं.

त्यानंतर मी गावाला भावाला इतके फोन केले की तो वैतागला. वाट घसरडी आहे का, गुरं अंगावर येतात का, वारा किती, साप निघतात का.

"अरे, आमी जल्मभर थयसून चलतंव," तो म्हणाला, "आजपर्यंत कोण पडाक नाय. तू कशाक एवढो भियतस?"

आता त्याला काय सांगू? ज्या माणसानं मला उभं केलं, तो माझ्या गावात पडला तर मी तोंड कुठं लपवणार?

मग मला माझ्या धंद्यातला उपाय सुचला. पट्टी! जन्मभर कंपनीत काढलेली माणसं. पिवळी पट्टी दिसली की त्यांचे पाय आपोआप आत राहतात. कातळावर ऑइलपेंट मारणं बरं दिसलं नसतं, म्हणून कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी चुन्याची फक्की घ्यायची, आणि पिवळी दिसावी म्हणून तिच्यात हळद मिसळायची.

मी एक दिवस आधीच गावाला पोचलो. वहिनी पडवीत उभी राहून हळद कालवणं बघत होती. "भावोजी, चुनो आणि हळद? कुंकू करतास काय?"

"कोरडंच आहे वहिनी," मी म्हटलं. "पाणी लागलं तर लाल होतं. इथं पाणी कुठाय?"

संध्याकाळी माझा भाऊ आणि मी सुतळी ताणून पट्टी मारली. छान पिवळीधमक. गाडीच्या जागेपासून निघून कड्याच्या बाजूनं जायची आणि शेवटी खुर्च्यांसाठी मोठा चौकोन. आधी काठापासून बऱ्यापैकी लांब धरली. मग वाटलं, वारा सुटला तर? पुसून मागं घेतली. बाईंना चक्कर आली तर? आणखी मागं.

भाऊ सुतळीचं टोक धरून कंटाळला. "आजून थोडी मागे घे. मगे थेट चाकणाकच पोचतली."

सकाळी मंडळींची गाडी आली आणि मी पुढं पळालो. सड्यावर वाळलं गवत सोनेरी झालं होतं, आणि त्यातून माझी पट्टी गेली होती. लालभडक. नीट बघितलं तर गवताच्या पात्यापात्यावर पाणी. इतकी वर्षं कुरुळीच्या खोलीत राहून मी माझ्याच गावचं दव विसरलो होतो.

मंडळी मात्र पट्टीच्या आत एका रांगेत, अगदी शिस्तीत निघाली. एकाचाही पाय बाहेर नाही. चौकोनापाशी पोचली आणि पेंट शॉपवाले भाऊ थबकले.

"अरे राव! हे तर रिजेक्शन!"

कंपनीत खराब निघालेला माल लाल चौकोनात ठेवतात. तिथं जवळपास प्रत्येकानं आयुष्यभर त्या चौकोनात काहीतरी टाकलेलं. एकदम हशा उठला. "बसा, बसा, आपापल्या जागी बसा!" "टॅग लावा रे माझ्या गळ्यात!" बाईंना कुणीतरी समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडं याला नापास म्हणतात."

मग बसल्यावर त्यांनी विचारलं, "पण समुद्र कुठाय?"

समुद्र नव्हता. म्हणजे होता, खालून धाडधाड ऐकू येत होता. पण मी पट्टी इतकी मागं घेतली होती की चौकोनातून नुसतं गवत आणि आभाळ दिसत होतं. आणि पट्टी ओलांडून पुढं जायला एकही जण तयार नाही!

"आवाज छान येतोय पण," मी म्हटलं. "थोडं ऐका, मग पोहे आहेत."

एवढ्यात भाऊंनी गाडीकडं वळून हाक मारली. काका आत बसले होते, दार उघडं होतं, काकू शेजारी. "काका, या की! तुमचीच जागा आहे. सगळ्यांना रिजेक्शनमध्ये घेतलंय!"

माझा जीव उडाला. बाकी कुणालाही म्हटलं असतं तर चाललं असतं. गाडीत काहीच हललं नाही. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला तेवढा दिसला. मला वाटलं, झालं. आता हा माणूस इथूनच परत जाणार, आणि खुर्चीत बसला की उठणार नाही.

मग काठी खाली टेकली.

काका उतरले. पट्टीच्या आतून, वेळ घेऊन, मध्ये एका दगडावर बसून, परत उठून चौकोनापर्यंत आले. आल्यावर समुद्राच्या बाजूला नाही, आधी पट्टीकडं बघितलं.

"वाकडी मारलीस."

"हो काका."

"रिजेक्शनमधल्या मालाचं पुढं काय होतं?"

"भंगारात जातो."

"सगळा?"

"नाही. काही रीवर्कला जातो. दुरुस्त होऊन परत लाइनवर येतो."

"मग?" त्यांनी काठीनं गुडघ्यावर टकटक केलं. "माझा झालाय रीवर्क." आणि पट्टी ओलांडली.

मी धावत जाऊन कोपर धरलं. "काका, काठ आहे पुढं!"

"डोळ्यांचं नाही झालं ऑपरेशन, दिसतंय मला. हात सोड. सुतळी आण."

थोडं पुढं कातळाला एक उंचवटा होता. काठ तिथूनही चांगला लांब. काका त्याच्यावर चढले, म्हणजे एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय. आणि थांबले. बराच वेळ त्यांची पाठच दिसत होती. शर्ट वाऱ्यानं फुगला होता.

"सगळाच दिसतो," ते म्हणाले.

मग नेहमीच्या आवाजात ओरडले, "टोक दे इकडं! पट्टी इथून न्यायची. आणि हळद नको, नुसता चुना."

माझ्या भावानं घरून उरलेली बिनहळदीची फक्की आणली. काकांनी एक टोक धरलं, मी दुसरं. "ताण. अजून. ढिली आहे." मंडळी चौकोनात खुर्च्यांवरून उठून, नवी पट्टी कधी पुरी होते याची वाट बघत ओळीनं उभी राहिली होती. चहा आला. भाऊ म्हणाले, काकूंनी हाक मारावी, काका चहाला येतील.

काकू आता चौकोनातल्या एका खुर्चीवर समुद्राकडं पाठ करून बसल्या होत्या. "गप बसा हो," त्या हळूच म्हणाल्या. "हाक मारली तर येतील मागं."