छोट्या खोलीची लेन्स

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, डावा डोळा माझ्यामुळे गेला. गावी तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय की स्टुलावरचा प्रोजेक्टर पडला आणि काच उडाली. तो पडला नव्हता.

कोलकात्याला बँकेत रुजू व्हायला निघायची आदली संध्याकाळ. आई जाऊन काही महिनेच झाले होते. अण्णांनी काढलेल्या स्लाइड्समध्ये तेवढी ती उरली होती. भिंतीवर चादर ताणून ते तिला बघत बसले होते.

"निम्म्या स्लाइड्स मी नेतो," मी म्हणालो.

"घर सोडून पळणाऱ्याला आई कशाला हवी?"

मी स्लाइड्सचा डबा ओढला. त्यांनी थोबाडीत दिली. कान बधिर झाला. मी तापलेला प्रोजेक्टर दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या तोंडावर हाणला. लेन्स फुटली. चादरीवर, जिथे आई होती तिथे, रक्ताचे शिंतोडे. धावत आलेल्या शेजारच्या काकूंना अण्णा डोळा दाबून धरत म्हणाले, "पडला हो स्टुलावरून." सकाळी ते इस्पितळात असताना मी गाडीत बसलो.

इथे कोलकात्याच्या बेहाला भागात संसार थाटला. मुलगी बंगालीत भांडते, मराठीत अडखळते. राग मात्र माझ्याबरोबर आला होता. सियालदह स्टेशनच्या गर्दीत एकाने ढकललं म्हणून मी त्याची कॉलर धरून मूठ उगारली, आणि समोर अण्णांचा रक्ताळलेला चेहरा दिसला. मी मूठ खाली घेतली. त्या माणसाने माझा ओठ फोडला. मला बरं वाटलं.

यंदा अण्णा पहिल्यांदाच इकडे आले, स्लाइड्सचा डबा मांडीवर घेऊन. त्या संध्याकाळनंतर त्यांनी तो उघडला नव्हता. मी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. एक प्रोजेक्टर उचलला. वजन हातांना ओळखीचं वाटलं. मी तो हात पोळल्यासारखा झटकन खाली ठेवला.

"आस्ते, दादा! बम नहीं है," दुकानदार हसला. त्याने लांब, भारी लेन्स पुढे केली. "हॉल के लिए बेस्ट."

आमच्या खोलीएवढ्या अंतरावरून त्या लेन्समधून चित्र उशीएवढं पडलं. अण्णा म्हणायचे, "भिंतीवरचा माणूस माणसाएवढा दिसायला हवा." मी आखूड लेन्स मागितली. तिच्यात कडा धूसर होत होत्या, पण चित्र भिंतभर पसरलं.

"छोटो घर, छोटो लेन्स," म्हणत त्याने ती बसवून दिली.

रविवारी आई आमच्या भिंतीवर उभी राहिली, पूर्ण उंचीची. अण्णा इतके जवळ गेले की त्यांची सावली तिच्या पदरावर पडली.

"आजोबा, डोळ्याला काय झाला होता?" मुलीने विचारलं.

"प्रोजेक्टर पडला गं, बाळा."

घर म्हणजे मला गावची ती खोली वाटायची. घर हे होतं: अण्णांनी माझ्यासाठी एकट्याने पेललेलं एवढंसं खोटं. ते आता माझ्या मुलीच्या हातात चाललं होतं.

"पडला नव्हता," मी म्हणालो. "मी मारला होता, अण्णा. जीव घ्यायच्या रागाने मारला होता. माझं चुकलं. मला माफ करा."