बिननावाची फाइल

वसमतला हळदीच्या गोदामावर एक खोली आहे, तिथं ‘हळकुंड’ चालतं. ही संगीताची कंपनी. कंपनी म्हणायचं आपलं. सहा जण, दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा, तोही गाणं ऐकताना बंद ठेवावा लागतो. हळद पॉलिश करायच्या ढोलाचा खडखडाट, तांड्यावरच्या बायांचे सूर, असलं सगळं कॉम्प्युटरमध्ये घालून इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं आणि नेटवर सोडायचं.

हरीशनं हे आठ वर्षांपूर्वी काढलं ते स्वतःची गाणी लोकांपुढं आणायला. झालं भलतंच. दिवसभर सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरायचे, आणि संध्याकाळी इथं येऊन बाकीच्यांच्या गाण्यांची कव्हरं, अपलोड, पत्रव्यवहार. गेल्या साडेतीन वर्षांत त्याचं स्वतःचं एकही गाणं निघालं नव्हतं. माणूस पार थकला होता, आणि थकलो म्हणायलाही त्याला सवड नव्हती.

यंदा पहाटे उठून-उठून त्यानं एक गाणं पुरं केलं. हे निघालं तर आपल्यात अजून काही शिल्लक आहे, नाही तर संपलं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

वरातीतले डीजे गाण्यापेक्षा स्वतःचं नावच जास्त वाजवतात, याचा हरीशला पहिल्यापासून राग. म्हणून ‘हळकुंड’ला त्यानं नियम घालून दिला होता. आलेलं गाणं रविवारी सगळ्यांनी बिननावाचं ऐकायचं. एकानं जरी नको म्हटलं तरी ते निघणार नाही. नकार मात्र हरीशनं, करणाऱ्याचं मन न दुखवता, एकट्याला कळवायचा.

रविवारी त्यानं आपली फाइल तिसरी लावली आणि खिडकीबाहेर बघत बसला.

“चांगलं हाय की,” तांड्यावरचा प्रेमदास म्हणाला.

पुनमनं पुन्हा लावायला सांगितलं. सगळ्यांत लहान ती, पण तिचा कान सगळ्यांत तिखट. तो हरीशनंच घडवलेला.

“न्हाई,” ती म्हणाली. “चूक काढायला जागा न्हाई, पण करणारा लई दमलाय. काम उरकल्यावानी वाजून राहिलंय.”

‘माझं आहे’ एवढं हरीशनं म्हटलं असतं तर पुनम ओशाळली असती आणि गाणं बिनबोभाट निघालं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण पोरीनं खरं तेच सांगितलं होतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

त्यानं वही पुढं ओढली. “काय करून राहिले, दादा?” पुनमनं विचारलं.

“लिहून घेऊन राहिलो.”

“मंग हेबी लिवा. कोण हाय ते आमी इचारत न्हाई. पण त्याला म्हणावं, महिनाभर कायबी करू नको. त्याचं काय काम आसंल ते आमी वाटून घेतो.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आठ वर्षांत असं हरीशला कुणी म्हटलं नव्हतं, आणि आताही त्याला म्हटलं नव्हतंच.

“सांगतो त्याला,” तो म्हणाला, आणि त्यानं पुढची फाइल लावली.